दादाने दिलेला शब्द

होम गॅरेजमध्ये करायचा, हे सुचित्राने महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं. मागच्या वर्षी रॉचेस्टरला कोणाच्या तरी दिवाणखान्यात लग्नहोम पेटला, स्मोक अलार्म बोंबलला आणि फायर ब्रिगेडची माणसं बुटांसकट थेट सप्तपदीत शिरली, ही गोष्ट डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या प्रत्येक मराठी घरात चवीने सांगून झाली होती. आपल्या घराची तशी गोष्ट व्हायला नको, एवढीच तिची इच्छा. अलार्म वाजला नाही, पण गोष्ट व्हायची ती झालीच.

दोन्ही गाड्या ड्राइव्हवेवर काढल्या होत्या. लॉनमोअर कोपऱ्यात ढकलून त्यावर चादर टाकली होती, तेलाच्या डागांवर सतरंजी आली होती आणि धूर जायला दार अर्धं वर केलं होतं. पाटावर रेशमी सोवळं नेसून श्रीरंग बसला होता, शेजारी शैला. आज त्याची साठीशांत. समोर विष्णू गुरुजी. ते सोमवार ते शुक्रवार एका पेंट कंपनीत केमिस्ट असत आणि शनिवार-रविवार मिशिगनभर सत्यनारायण सांगत फिरत. "तूप बेताने, श्रीरंगराव, वर लाकडी छत आहे," असं ते मंत्रांच्या मधेमधे म्हणत होते. बाकीची मंडळी संध्याकाळी जेवायला यायची होती. सकाळी फक्त घरचे.

थोरल्या भावाची साठी धाकट्याच्या घरी का, असं कोणी विचारलं नव्हतं. श्रीरंगच्या घराला गॅरेज नव्हतं आणि त्याच्या रस्त्यावर आता कोणी पाहुणे येत नसत. डेट्रॉइटमध्ये मिशिगन अव्हेन्यूजवळचं ते जुनं लाकडी घर, बेसबॉलच्या स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. गोरे शेजारी कधीच उपनगरांत निघून गेले, मागून आलेली आपली माणसं ट्रॉयला आणि नोव्हायला नवी घरं बांधून राहिली, आणि हा मात्र तिथेच खुंटा ठोकून बसला. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "इथे खिडकी उघडली की गेमचा आवाज येतो." यावर शैला उठायची. ती खिडकी लावून घ्यायची.

आज सकाळी श्रीरंग आला तो रविवारच्या पेपरचा गठ्ठा काखेत मारूनच. "उल्हास कुठाय? त्याचं नाव आलंय बघा!" सुचित्राचा नवरा उल्हास गुरुजींना आणायला गेला होता. मग श्रीरंगने प्रत्येकाच्या हातात एकेक पेपर कोंबला. सुचित्राने फोटो तेवढा पाहिला. स्टेडियमच्या भिंतीला टेकून, डोक्यावर टायगर्स संघाची टोपी घालून, श्रीरंगदादा कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. पुरण आटत आलं होतं, तेव्हा तिने पेपर फ्रिजवर ठेवला आणि ती विसरून गेली.

होमाची पूर्णाहुती व्हायच्या बेताला घरातला फोन वाजला. वीणा आत पळाली आणि दारातून डोकावून म्हणाली, "बाबा, फॉर यू. मिस्टर हॅलोरन."

"संडेला?" म्हणत उल्हास उठला. हॅलोरन त्याचा बॉस.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात फ्रिजवरचा तो पेपर होता. सुचित्राने नवऱ्याचा चेहरा पाहिला. चोवीस वर्षांच्या संसारात तिने त्याला रागावलेलं पाहिलं होतं, ते मोजकंच, आणि तेही टीव्हीवरच्या बातम्यांवर. हा राग वेगळा होता. उल्हास येऊन सतरंजीच्या कडेला उभा राहिला.

गुरुजींना यातलं काही दिसलं नाही. ते प्रसन्नपणे म्हणाले, "आता धाकट्या बंधूंनी आणि भावजयींनी पुढे यायचं. जोडीने नमस्कार करायचा, आशीर्वाद घ्यायचा."

सुचित्राने पदर खांद्यावरून घेतला. उल्हास जागचा हलला नाही.

"अहो, या ना," ती हळूच म्हणाली.

"मी नमस्कार करणार नाही," उल्हास म्हणाला.

"उल्हास, अरे गंमत काय करतोस, गुरुजी खोळंबलेत," श्रीरंग हसत म्हणाला. साठ वर्षांच्या आयुष्यात आपल्याला कोणी नमस्कार नाकारील, ही कल्पनाच त्याला शिवली नव्हती.

"गंमत नाही, दादा. हे तू म्हणालास?" उल्हासने पेपर उघडला. मजकूर इंग्रजीत होता, पण त्याने तो मराठीत वाचला, कारण ते वाक्य मुळात मराठीच होतं. "'शहराने तपासणीला नेमलेला इंजिनिअर माझा सख्खा भाऊ आहे. तेव्हा काळजी नको, स्टेडियम वाचणार. माझा भाऊ जन्मात कधी माझ्या शब्दाबाहेर गेलेला नाही.' बोल. म्हणालास?"

"म्हणालो! त्या रिपोर्टरने विचारलं, मी सांगितलं. चांगला अर्धा तास बोललो. खोटं आहे का त्यातलं काही?" श्रीरंगला खरंच कळेना. "चार लोकांत भावाचं कौतुक केलं, तर तुला राग कसला आला?"

"कौतुक?" उल्हासचा आवाज चढला. "अरे, त्याला इथे कौतुक म्हणत नाहीत! उद्या सकाळी सुनावणी आहे. स्टेडियम पाडायचं की ठेवायचं. ज्यांना नवीन बांधायचंय त्यांचा रिपोर्ट आधीच तयार आहे, की हे सडलंय, पाडा. त्याशिवाय दुसरा एकच रिपोर्ट होता, माझा. आणि माझ्या रिपोर्टला किंमत एवढ्यासाठी होती की मी कोणाचा माणूस नव्हतो. आता पेपरात छापून आलंय की मी माझ्या भावाचा माणूस आहे. हॅलोरनला आज सकाळपासून तिघांचे फोन. मला या कामातून काढलंय. मलाच नाही, माझा रिपोर्टच काढलाय. चार महिन्यांचं काम कचऱ्यात गेलं. उद्या टेबलावर एकच कागद असेल, आणि त्यावर लिहिलंय, पाडा."

विष्णू गुरुजींनी पळी खाली ठेवली. "मी जरा बाहेर… हवा छान पडलीये," असं काहीतरी पुटपुटत ते अर्ध्या दाराखालून वाकून ड्राइव्हवेवर गेले आणि तिथे उघड्याबंब अंगावर उपरणं लपेटून सप्टेंबरच्या उन्हात उभे राहिले. समोरच्या घरातली बाई कुत्र्याला फिरवत होती. तिने हात केला, त्यांनीही केला.

श्रीरंग पाटावरून उठला. गुडघे धरून, सावकाश. त्याचा चेहरा आता लाल झाला होता. त्याला दुःख झालं होतं, आणि दुःख झालं की तो ओरडायचा, ही त्याची जुनीच खोड. "म्हणजे चूक माझी? मी त्या स्टेडियमसाठी एप्रिलपासून जीव टाकतोय. लोकांनी हातात हात घालून, भोवती साखळी करून त्याला मिठी मारली, त्यात मी होतो, ही वीणा होती. तू नव्हतास! मीटिंगा मी केल्या, सह्या मी गोळा केल्या, आणि तू आता मला शिकवणार? तुझ्या मनात तरी काय लिहायचं होतं देव जाणे! म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं. एकदा छापून आलं की तुला मागे फिरता येणार नाही."

हे बोलल्यावर तो थांबला. बोलायचं नव्हतं ते बोलून गेलो, हे त्याच्याही लक्षात आलं.

"अच्छा," उल्हास म्हणाला. "म्हणजे कौतुक नव्हतंच."

वीणा पायरीवर बसली होती. ॲन आर्बरला आर्किटेक्चर शिकणारी, तेवीस वर्षांची मुलगी. काकांबरोबर स्टेडियमच्या मोहिमेत उतरली म्हणून घरात तिला सगळे "काकांची शिष्या" म्हणून चिडवत. त्या एप्रिलमध्ये थंडगार वाऱ्यात काकांचा हात धरून ती त्या भिंतीपाशी उभी राहिली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला डेट्रॉइट आपलं वाटलं होतं. आता तिला त्याच काकांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

"काका, यू डिडन्ट ट्रस्ट हिम?" ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं. बाबांना काही बोलू नका, जस्ट लेट हिम वर्क. आय टोल्ड यू!"

"तू लहान आहेस."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर, काका!"

"बाबा," तिने मग उल्हासकडे वळून विचारलं, आणि आता तिच्या आवाजात भीती होती, "रिपोर्टमध्ये काय होतं?"

उल्हासने कोणाकडेही बघितलं नाही. चार महिने तो त्या स्टेडियमच्या पोटात हिंडला होता. वरच्या मजल्याखालच्या अंधारात, कबुतरांच्या घाणीत, हातोडी घेऊन. काँक्रीट वाजवून बघायचं. भरीव असेल तर आवाज टणक येतो, आतून सुटलेलं असेल तर पोकळ. सुरुवातीला त्याला मनातून वाटत होतं, पोकळ निघावं. म्हणजे सुटलो. दादाला सांगता येईल की बाबा रे, माझा इलाज नाही. पण खांबांचे पाय गंजले होते, काही ठिकाणचे स्लॅब बदलायला झाले होते, आणि तेवढंच. मुख्य सांगाडा ठणठणीत होता. एकोणीसशे बारापासून ज्या लोकांनी ते बांधलं, वाढवलं, त्यांनी काम चोख केलं होतं. आपल्या धंद्यातलं चोख काम ओळखायला त्याला कोणाच्या शब्दाची गरज नव्हती.

"डागडुजी केली तर अजून तीस वर्षं उभं राहील," तो म्हणाला. "पाडायचं काही कारण नाही. हेच लिहिलं होतं. हेच उद्या उभा राहून सांगणार होतो. मी आपणहून सांगणार होतो, दादा. तुझ्यासाठी नाही. ते खरं आहे म्हणून."

 कुंडातलं एक लाकूड खाली सरकलं.

"अरे, मग आधी सांगायचंस की मला!" श्रीरंग कसाबसा म्हणाला.

"का सांगायचं? कामातलं आधी सांगता येत नाही! आणि तू विचारलंस कधी? मला सिव्हिल करायचंय की नाही, विचारलंस? अमेरिकेला यायचंय का, विचारलंस? तिकीट हातात ठेवलंस. ही सुचित्रा, भारतात गेलास तेव्हा तुला पसंत पडली आणि मला इथे पत्राने कळवलंस."

"अहो!" सुचित्रा म्हणाली.

"तुझ्याबद्दल तक्रार नाही माझी," उल्हास घाईघाईने म्हणाला. "मला पद्धतीबद्दल बोलायचंय. आणि ऐक, आता निघालंच आहे तर. मला बेसबॉल आवडत नाही, दादा. कधीच आवडला नाही. पंचवीस वर्षं तू नेत होतास म्हणून मी येत होतो. मला त्यातलं अजून धड कळत नाही."

इतक्या सगळ्यातून हेच वाक्य श्रीरंगला लागलं. रिपोर्ट गेला, स्टेडियम जाईल, हे त्याच्या डोक्यात अजून नीट उतरलं नव्हतं. पण हे उतरलं. हा देश त्याला आधी फॅक्टरीत भेटला होता, तिथे सगळे त्याला "रंगा, रंगा" करून हाका मारत आणि हसत. मग घर शोधताना भेटला, तिथे जाहिरात बघून गेलं की खोली नुकतीच गेलेली असायची. आणि मग एका रविवारी तो एकटाच तिकीट काढून त्या कोपऱ्यावरच्या स्टेडियमात जाऊन बसला. शेजारी कोण बसलंय ते तिथे कोणी पाहत नव्हतं. सगळे समोर पाहत होते. टायगर्सचा चेंडू कुंपणापार गेला तेव्हा बाजूच्या दांडग्या माणसाने त्याला मिठी मारली. एवढंच. पण एवढ्यासाठी माणूस त्या रस्त्यावर आयुष्य काढतो. उल्हास आल्यावर त्याला त्याने आणखी काय दाखवायचं होतं? जे होतं ते दाखवलं. आणि तो शेजारी बसून कंटाळत होता.

"आवडत नव्हतं तर बोलायचंस," श्रीरंग म्हणाला. आवाज आता ओरडण्याचा नव्हता.

"तुझ्या शब्दाबाहेर कसा जाणार? पेपरातच आलंय की."

"पाडू देत!"

हे कुमार बोलला. श्रीरंगचा मुलगा, नोव्हायला डेंटिस्ट. इतका वेळ तो कोपऱ्यातल्या लॉनमोअरला टेकून घड्याळ बघत होता. "लेट देम टेअर इट डाउन. आय मीन इट. काय ठेवलंय त्यात? समोर खांब येतात, अर्धं ग्राउंड दिसत नाही. टॉयलेटला वास येतो. आपण त्या घरातून कधी हललो नाही, कारण बाबांना आवाज ऐकायचाय! आजूबाजूला घरं जळत होती, यार, आणि मी त्या रस्त्यावरून एकटा शाळेत जायचो. आई रोज खिडकीत उभी. इतके गेम्स बघितले, माझं एक ग्रॅज्युएशन तेवढं बघितलं नाही. त्या दिवशी डबल हेडर होता, दोन गेम्स, दोन्ही बघितले!"

"कुमार, दिस इज नॉट अबाउट यू," वीणा फणकारली.

"इट्स नेव्हर अबाउट मी. दॅट्स द पॉइंट. तुला छान वाटतं ते ओल्ड बिल्डिंग वगैरे. तू ट्रॉयला वाढलीस, स्विमिंग पूल असलेल्या घरात. मग वीकेंडला येऊन त्याला मिठी मारायची!"

 वीणाला रडू आलं आणि त्याचाही राग आला. "पण ते चुकीचं आहे ना," ती म्हणाली. "इट्स स्टँडिंग. धडधाकट आहे. धडधाकट गोष्ट कशी पाडतात? तुझे बाबा तुझ्याशी नीट वागले नाहीत म्हणून ते पाडायचं?"

श्रीरंगने हात वर केला. घरात त्याने हात वर केला की सगळे थांबत. आताही सवयीने थांबले.

"ठीक आहे," तो म्हणाला. "माझी चूक. मीच निस्तरतो. उद्या सकाळी मी तिथे जातो. माईकवर उभा राहतो आणि सांगतो, की उल्हासचा माझ्याशी काही संबंध नाही, आमचं बोलणंसुद्धा नसतं, तो स्वतःच्या डोक्याने…"

"परत!" उल्हास इतक्या जोराने ओरडला की ड्राइव्हवेवर गुरुजी वळून बघायला लागले. "परत तेच! अरे, परत तू माझ्या वतीने बोलायला निघालास! तुला कळतंय का तू काय करतोयस? तुझ्या जिभेला माझं नाव घेतल्याशिवाय चैन पडत नाही का?"

त्याने पेपर चुरगाळला आणि होमकुंडात टाकणार होता, पण सुचित्राने त्याचं मनगट धरलं. होम झाला होता, अग्नी अजून होता. तेवढं पाप नको, असं तिला वाटलं. पेपर तिने स्वतःच्या हातात घेतला.

"बाबा," वीणा उठून उभी राहिली. "तुम्ही बोलू शकता. उद्या. इट्स अ पब्लिक हिअरिंग. कोणीही नाव देऊन तीन मिनिटं बोलू शकतं. इंजिनिअर म्हणून नाही. जस्ट ॲज अ पर्सन. तुम्ही ते आतून बघितलंय. दुसऱ्या कोणी बघितलंय?"

"हॅलोरनने तेही सांगितलंय," उल्हास म्हणाला. "रिपोर्ट फर्मचा आहे. फर्मने तो मागे घेतलाय. त्यातलं एक अक्षर मी बाहेर बोललो, तर मंगळवारी ऑफिसला यायची गरज नाही."

आता सुचित्रा घाबरली. स्टेडियमचं काय व्हायचं ते होऊ दे. तिने ते टीव्हीवरच पाहिलं होतं आणि टीव्हीवरही चॅनेल बदललं होतं. पण उल्हास पन्नास वर्षांचा होता. ऑटो कंपन्या माणसं काढत होत्या, तिच्या ओळखीत तीन घरांत इंजिनिअर नवरे बाथरोब घालून बसले होते. आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिला ते दिसलं, जे तिला बघायचं नव्हतं. तो विचार करत होता.

"तुम्ही जायचं नाही," ती म्हणाली. "हे बघा, मी सांगून ठेवते. कोणासाठी जाणार? त्या लोकांसाठी? ते तुम्हाला ओळखतात तरी का?"

 मग सुचित्राने जे केलं, त्याचं तिला स्वतःलाच नंतर कित्येक वर्षं आश्चर्य वाटत राहिलं. दादांच्या शब्दाचा जाच तिने लग्नापासून सोसला होता. घर ट्रॉयला घ्यायचं की नाही यावर सहा महिने जेवणाचं टेबल धुमसलं होतं, ते दादांमुळेच. त्यांचा हा हुकूम कधी एकदा संपतो, असं तिला झालं होतं. आणि आज ती त्यांच्याकडेच वळली.

"दादा, तुम्ही सांगा यांना," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील. एकदाच सांगा, जाऊ नको म्हणून."

"नो! काका, जा म्हणून सांगा!" वीणा ओरडली. "तुम्ही सांगितलं तर जातील ते. प्लीज!"

कुमार कोपऱ्यातून दोन पावलं पुढे आला. "अनबिलीव्हेबल," तो म्हणाला. पण तोही बापाकडेच बघत होता.

उल्हासही बघत होता. आपण वाट पाहतोय, हे त्याच्या लक्षात आलं. इतकं बोलून, इतकं ओरडून, आपण उभे आहोत आणि दादा काय म्हणतो याची वाट पाहतोय. त्याला स्वतःची इतकी चीड आली की तितकी सकाळपासून दादाचीही आली नव्हती. तरीही त्याने मान वळवली नाही.

श्रीरंगने घसा खाकरला आणि हात अर्धा वर केला. "उल्हास…"

"त्यांना नका विचारू," शैला म्हणाली.

ती अजून पाटावरच बसली होती. साठीशांतीची हिरवी नऊवारी, कपाळावर धुराने पसरलेलं कुंकू. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि तिच्या न बोलण्याची सगळ्यांना इतकी सवय होती की कोणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"माझी आई आजारी होती तेव्हा साताऱ्याहून तार आली," ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. "शैलाला पाठवा, विचारतेय. यांनी उलट तार केली, शैला येऊ शकत नाही. मी आत स्वयंपाकघरात होते. पोळ्या लाटत होते. आत येऊन मला विचारायला किती वेळ लागला असता? आई गेल्याचं कळलं तेव्हा मला हेही कळलं, की मी नाही म्हणाले होते."

"शैला, कुमार तेव्हा तान्हा होता, तुला झेपलं नसतं…" श्रीरंग म्हणाला.

"नसतं झेपलं. कदाचित मीसुद्धा नाहीच म्हणाले असते. पण मी म्हणाले असते ना."

शैला गुडघ्यावर हात टेकून उठली, पाट उचलून भिंतीला लावला, आणि घरात गेली. आतून पाण्याच्या नळाचा आवाज यायला लागला. ती भांडी घासत होती. पूजेच्या दिवशी, हिरव्या नऊवारीत, दुसऱ्याच्या घरी. सुचित्राला धावत जाऊन तिला थांबवावंसं वाटलं, पण आधी तिला दादांचं उत्तर हवं होतं.

श्रीरंग त्या दाराकडे बघत राहिला. त्याचा हात अजून अर्धवट वर होता. तो त्याने खाली घेतला, सोवळ्याला पुसला, आणि मग तो हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

"दादा?" सुचित्रा म्हणाली.

"मी काही सांगणार नाही," श्रीरंग म्हणाला. "मला विचारू नका."

"आत्ता?" उल्हास उसळला. "आयुष्यभर न विचारता सांगितलंस, आणि आत्ता, जेव्हा…" त्याला वाक्य पुरं करता येईना. पुरं केलं तर काय निघेल याची त्याला लाज वाटली. तो वळला आणि ड्राइव्हवेवर गेला. गुरुजींच्या शेजारून पुढे, पार रस्त्यापर्यंत. तिथे पत्रपेटीला हात लावून तो पाठमोरा उभा राहिला. समोर एकसारखी घरं, एकसारखी लॉन्स, आणि रविवारची शांतता. इथे खिडकी उघडली तर कसलाच आवाज येत नाही.

त्याला नोकरीची भीती वाटत होती. ती खरीच होती, आणि ती त्याने स्वतःपासून लपवली नाही. पण उद्या तिथे कोणीतरी उभं राहून म्हणेल, की हे आतून सडलंय. ज्याने हातोडी मारून बघितली नाही असा कोणीतरी. आणि आपण ऑफिसात बसून पुलाची ड्रॉइंग्ज तपासत असू. हे त्याला सहन होईना. दादाचा राग, सुचित्राची काळजी, वीणाचे डोळे, सगळं बाजूला काढून ठेवलं तरी ते सहन होईना.  मग तो परत गॅरेजमध्ये आला.

"वीणा, उद्या सकाळी लवकर निघू," तो म्हणाला. "नाव आधी द्यावं लागत असेल."

वीणाने तोंडावर हात दाबला.  सुचित्राने हातातला तो चुरगळलेला पेपर सरळ केला, पुन्हा चुरगाळला, आणि ती आत शैलाकडे गेली. नळाचा आवाज थांबला, आणि दोघी जावा आत काहीतरी बोलायला लागल्या. काय ते ऐकू येत नव्हतं.

"आणि तिथे काय बोलायचं हे मला कोणी सांगायचं नाही," उल्हास म्हणाला. "तूसुद्धा नाही."

"ओके, बाबा."

कुमारने डोकं हलवलं. "यू आर ऑल क्रेझी," तो म्हणाला, आणि गुरुजींना आत घेऊन यायला गेला, कारण समोरची बाई कुत्र्याला घेऊन आता त्यांच्याशी बोलायला येत होती.

गॅरेजमध्ये दोघे भाऊ उरले. श्रीरंग कुंडापाशी उभा होता. सोवळ्यात तो आज पहिल्यांदाच म्हातारा दिसत होता. त्याला खूप बोलायचं होतं. कुठे गाडी लावायची, कोणत्या दाराने आत जायचं, कोणाला आधी भेटायचं, सगळं त्याला ठाऊक होतं. सुनावणीच्या त्या इमारतीत तो एप्रिलपासून खेटे घालत होता. त्याने ते सगळं गिळलं. आणि मग त्याने उल्हासला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं असं काहीतरी विचारलं.

"मी येऊ का?"

उल्हासने त्याच्याकडे पाहिलं. उत्तर कोणतं याची त्याला शंका नव्हती. दादा त्या खोलीत नुसता गप्प बसला असता, तरी लोकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं असतं आणि मग उल्हासकडे.

"नको," तो म्हणाला.

"मागे बसेन. अगदी शेवटच्या रांगेत. तोंड उघडणार नाही."

"नको, दादा. तू घरी थांब."

श्रीरंगने मान डोलावली. दोनदा, तीनदा.

"बरं," तो म्हणाला.